फेसाची शीग

घरी मी दोन वर्षं खोटं सांगत होतो. पोलादपूर तालुक्यातल्या आमच्या वाडीत डोंगराच्या एकाच कडेला फोनची रेंज मिळायची. आई संध्याकाळी तिथे येऊन उभी राहायची आणि विचारायची, "काम बरं चाललंय ना?" मी म्हणायचो, "बरं चाललंय. खाण्यापिण्याच्या वस्तूंची कंपनी आहे." यातला शब्द न् शब्द तसा खरा होता आणि सगळं मिळून खोटं होतं. मी पुण्यात एका मायक्रोब्रुअरीत बिअर बनवत होतो.

ते सांगायची हिंमत नव्हती, कारण आमच्या घरात दारूने माणूस नेला होता. माझा धाकटा काका हातभट्टीची प्यायचा. मी नववीत असताना एका पावसाळी सकाळी तो भाताच्या बांधावर पडलेला सापडला. पुढची काही वर्षं काकू आमच्याच चुलीवर जेवली. आमच्याकडे बायका 'आडवी बाटली'बद्दल बोलायच्या. गावातल्या निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी आडव्या बाटलीला मत दिलं की परवान्याचं दुकान बंद होतं, एवढं त्यांना ठाऊक होतं. पण डोंगरातल्या हातभट्टीला परवानाच नसतो, तिला कुणाचं मत लागू होणार? अशा घरातला मुलगा बिअर बनवायला शिकतो, हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

या धंद्यात मी अकरा वर्षं काढली. सुरुवातीला टाक्या धुतल्या, मग बिअर बनवली, शेवटची चार वर्षं ब्रुअरी आणि बार दोन्ही सांभाळले. आता मी परत पोलादपूरला आहे. त्या वर्षांनी मला काय दिलं आणि माझ्याकडून काय घेतलं, ते जसं आठवतं तसं लिहितो आहे.

महाडला रसायनशास्त्रात बी.एस्सी. झालो आणि तिथल्याच एमआयडीसीत एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत कंत्राटी कामाला लागलो. पीएच बघायचा, टायट्रेशन करायचं, वहीत आकडे लिहायचे. कंत्राट संपलं तेव्हा पुण्यात असलेल्या एका मित्राचा निरोप आला : "इथे बिअर बनवणाऱ्यांना कॉस्टिक सोडा हाताळता येणारा माणूस हवाय." २०१३ च्या उन्हाळ्यात मी वरंधा घाटातून भोरमार्गे जाणाऱ्या एसटीत बसलो. पिशवीत दोन शर्टपँट आणि आईने बांधून दिलेल्या नाचणीच्या भाकऱ्या होत्या.

पुण्यात तेव्हा मायक्रोब्रुअरीची हवा नवी होती. २००९ मध्ये पुण्यात 'डूलाली' सुरू झालं आणि महाराष्ट्रात मायक्रोब्रुअरीचा पाया घातला गेला. त्याआधी बिअर म्हणजे कारखान्यातून येणारी बाटली. जिथे बनते तिथेच, टाकीतून थेट ग्लासात, ही गोष्ट लोकांना नवी होती. पुढे मुंढव्यात 'इंडिपेंडन्स ब्रुइंग कंपनी' आली, 'ग्रेट स्टेट एलवर्क्स' आलं, मधापासून मीड बनवणारी 'मूनशाइन मीडरी' आली. आयटीतल्या नोकऱ्या, बाहेरगावाहून आलेली एकटी राहणारी तरुण मंडळी, परदेशात राहून परतलेले लोक, आणि संध्याकाळी बसायला जागा हवी अशी गरज, हे सगळं पुण्यात एका वेळी जुळून आलं होतं. मी त्या लाटेत शिरलो तो हातात ब्रश घेऊन.

पहिले तीन महिने मी फक्त धुणं केलं. टाकी रिकामी झाली की आधी गरम पाणी, मग कॉस्टिकचं द्रावण अर्धा तास फिरवायचं, पुन्हा पाणी, मग जंतुनाशक. जर्मनीत शिकून आलेले आमचे मुख्य ब्रुअर म्हणायचे, की ब्रुअर हा मुळात सफाई कामगार असतो, बिअर यीस्ट बनवतं. मला तेव्हा राग यायचा. पदवी घेतलेला माणूस मी, दिवसभर गमबूट घालून ओल्या फरशीवर उभा.

मग एका आठवड्यात आमची गव्हाची बिअर आंबट लागायला लागली. गव्हाच्या बिअरला यीस्टमुळे पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, तो येईना. त्याऐवजी ताकासारखी आंबट झाक. ब्रुअरांनी सगळ्या जोडण्या एकेक करून उघडायला लावल्या. एका व्हॉल्व्हमधलं रबराचं गॅस्केट बाहेर काढलं तर त्याच्या मागच्या बाजूला पिवळसर बुळबुळीत थर. बोटाच्या नखाएवढा. धुताना मी ते गॅस्केट काढलंच नव्हतं, नुसतं पाणी मारलं होतं. त्या नखाएवढ्या थरापायी ५०० लिटर बिअर गटारात गेली. ब्रुअर माझ्यावर ओरडले नाहीत. ते गॅस्केट त्यांनी माझ्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाले, "याचा वास घे आणि लक्षात ठेव." तो वास मला अजून आठवतो. त्या दिवसापासून न दिसणारी बाजू आधी धुवायची, ही सवय लागली आणि ती आयुष्यभराची झाली.

हळूहळू मला मापं आली. ५०० लिटरच्या एका घाण्याला साधारण १०० किलो माल्ट लागतं, म्हणजे मोड आणून वाळवलेला आणि भाजलेला सातू. ते भरडून ६५ ते ६७ अंश गरम पाण्यात तासभर ठेवायचं. दोन अंश वर गेलं तर बिअर जड होते, दोन अंश खाली आलं तर पाणचट लागते. त्यातून निघणाऱ्या गोड रसाला वर्ट म्हणतात. तो तासभर उकळायचा, कडवटपणासाठी हॉप्सची फुलं घालायची, गार करायचा आणि यीस्ट सोडायचं. हायड्रोमीटर पहिल्या दिवशी १.०४८ दाखवतो आणि साखर खाऊन यीस्ट थांबलं की १.०१० वर येतो. या दोन आकड्यांमधल्या अंतरातून पाच टक्के अल्कोहोल निघतं. एमआयडीसीत मी आकडे लिहायचो ते दुसऱ्या कुणासाठी तरी. इथे तोच आकडा संध्याकाळी माणसाच्या तोंडात जायचा.

पाण्याचं मापही तिथेच कळलं. एक लिटर बिअर बनवायला धुण्याधावण्यासकट पाच-सहा लिटर पाणी सहज जातं. आमच्या तालुक्यात पावसाळ्यात आभाळ फाटतं आणि एप्रिल-मे महिन्यांत वाड्यांवर टँकर येतात. माझी आई मे महिन्यात रात्री झऱ्यावर वाटी वाटीने हंडा भरत बसलेली मी पाहिली आहे. पाइप सोडून टाकी धुताना ती वाटी डोळ्यांपुढे यायची. म्हणून शेवटच्या धुण्याचं पाणी टाकीत साठवून पुढच्या पहिल्या धुण्याला वापरायची पद्धत मी लावून घेतली. त्याने फार मोठी बचत झाली असं नाही, पण मला झोप लागायची.

गाळून उरलेला माल्टचा चोथा एका गोठ्यात जायचा. गोठेवाले काका पहाटे टेम्पो घेऊन यायचे. ओल्या चोथ्याचा वास थेट आमच्या घरच्या आंबोणासारखा. परक्या शहरात रोज पहाटे तेवढीच एक ओळखीची गोष्ट भेटायची.

बारच्या बाजूला मला पहिल्यांदा पाठवलं तेव्हा मी घाबरलो होतो. दारूची जागा म्हणून मला महामार्गावरच्या परमिट रूम माहीत होत्या. काळ्या काचा, दारावर पडदा, आत अंधार, लवकर पिऊन लवकर उठणारी माणसं. क्वार्टर आणि चकणा. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने महामार्गापासून ५०० मीटरच्या आतली दारूविक्री बंद झाली, तेव्हा आमच्या भागात त्या काळ्या काचांवर कित्येक महिने धूळ बसली होती. इथे सगळं उलट. भिंतभर काच, उजेड, रस्त्यावरून आतलं दिसतं आणि आतून रस्ता दिसतो. मुली मैत्रिणींबरोबर येतात, कुणी आईवडिलांना घेऊन येतं, कुणी लॅपटॉप उघडून बसतं, कुणी कुत्रा घेऊन येतं. मंगळवारी प्रश्नमंजूषा, शुक्रवारी गिटारवाला.

सुरुवातीला मला ही माणसं पोकळ वाटली. एकसारख्या दाढ्या, हातभर गोंदण, ग्लास आला की आधी फोटो. पहिला प्रश्न एकच, "नवीन काय आहे?" मला वाटायचं, यांना चव नको, नवेपणा हवा. ते पूर्ण खोटं नव्हतं. शेजारच्या गल्लीत नवी जागा उघडली की आमची निम्मी टेबलं तीन महिने रिकामी राहायची. लाटेवर आलेला माणूस लाटेबरोबर जातो, त्याच्यावर रागावून उपयोग नाही. जागा टिकते ती मंगळवारी दुपारी येणाऱ्यांवर. आमच्याकडे एक निवृत्त शिक्षक दर मंगळवारी यायचे, एक ग्लास घ्यायचे, शब्दकोडं सोडवायचे आणि जायचे. दरवाजे उघडल्याच्या पहिल्या आठवड्यापासून मी सोडेपर्यंत त्यांचा एकही मंगळवार चुकल्याचं मला आठवत नाही. नवा कामगार आला की मी त्याला आधी त्यांच्या टेबलावर पाठवायचो. त्यांच्याकडे नीट वागायला शिकला की तो कुठेही चालायचा.

पण त्या 'नवीन काय आहे' विचारणाऱ्यांकडूनही मी शिकलो. ते विचारायचे, यात काय घातलंय, कुठून आणलंय, कुणी बनवलं. आमच्याकडे पिणाऱ्याने कधी असं विचारलेलं मी ऐकलं नव्हतं. विचारता आलं असतं तर हातभट्टीने एवढी माणसं मेली नसती. मुंबईत जून २०१५ मध्ये मालवणीला विषारी दारूने शंभरावर माणसं गेली, त्यांतल्या कुणालाही पिशवीत काय आहे हे कळायची सोय नव्हती. आपण काय पितो आहोत हे विचारता येणं, हीसुद्धा पैशाने मिळणारी गोष्ट आहे, हे मला त्या काचेच्या भिंतीआड उभं राहून समजलं.

आता सगळ्यात अवघड गोष्ट सांगतो.

आमच्याकडे एक नेहमीचा माणूस होता. वय पस्तिशीच्या आत, चांगली नोकरी, बोलायला गोड. त्याला प्रत्येक बिअर ओळखता यायची. डोळे मिटून एक घोट घेऊन तो हॉप्स कोणते ते सांगायचा आणि बहुतेक वेळा बरोबर असायचा. नवा घाणा टॅपला लागला की पहिला ग्लास त्याचा. कामगारांची नावं त्याला पाठ, गणपतीला गावी निघालेल्या पोरांच्या हातात पैसे ठेवायचा. आम्हाला तो आमचा वाटायचा. तो आठवड्यातून दोनदा यायचा, मग चारदा, मग रोज. आम्ही त्याचं कौतुक करत राहिलो. भिंतीवर त्याचा फोटो लावला.

एका दुपारी त्याची बायको आली. बार अजून उघडला नव्हता, मी टॅपच्या नळ्या धूत होतो. ती बसली नाही. म्हणाली, "दादा, चार महिने झाले त्यांची नोकरी जाऊन. घरून ऑफिसला म्हणून निघतात. तुम्ही देणं बंद कराल का?" भिंतीवरच्या फोटोकडे तिने पाहिलं आणि पुढे काही न बोलता निघून गेली.

मी कितीतरी वेळ नळी हातात धरून उभा होतो. माझ्या काकाला अख्खी वाडी 'दारुडा' म्हणायची. तो बांधावर पडायचा म्हणून दिसायचा. हा माणूस इस्त्रीच्या शर्टात उंच स्टुलावर बसायचा, हॉप्सची नावं सांगायचा, म्हणून आम्ही त्याला 'जाणकार' म्हणालो. आजार तोच होता. आमच्या कौतुकाने त्याला लपायला जागा दिली होती. हे मी बिअरच्या विरोधात लिहीत नाही. मापात पिणारी शेकडो माणसं मी रोज पाहिली आहेत, त्या शिक्षकांसारखी. पण वस्तू चांगली असली, जागा सुंदर असली आणि माणूस सुशिक्षित असला म्हणजे व्यसन होत नाही, हा समज माझ्या डोळ्यांदेखत खोटा ठरला, आणि तो पसरवण्यात माझा हात होता.

त्या संध्याकाळी तो आला तेव्हा मी त्याला बाहेर घेऊन गेलो. म्हणालो, "आज नाही देणार." तो हसला, मग चिडला, मग रडला. नंतर बरेच महिने दिसला नाही. पुढे कळलं की तो व्यसनमुक्ती केंद्रात राहून आला आणि आता दुसऱ्या गावी आहे. एवढंच कळलं, आणि जास्त विचारायचा हक्क मला नाही.

त्यानंतर मी मालकांशी बसून बोललो. त्यांनी ऐकून घेतलं, हे त्यांचं मोठेपण. एका माणसाला किती ग्लास गेले याची नोंद बिलाच्या कागदावर वेगळी ठेवायची. तिसऱ्यानंतर आधी पाणी आणि खाणं समोर ठेवायचं. गाडीची किल्ली हातात दिसली तर रिक्षा बोलवायची. रोज येणाऱ्याचं कौतुक करायचं नाही, त्याची चौकशी करायची. पुण्यात १९८६ पासून 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र आहे. त्याचा फोन नंबर गल्ल्याजवळ, कामगारांना दिसेल असा लावला. फोटोंची भिंत उतरवली. विक्री थोडी कमी झाली. चार महिन्यांनी ती पूर्ववत झाली आणि बारबाहेर होणाऱ्या भांडणांचं प्रमाण मात्र कमी झालं.

वयाची तपासणीही तेव्हापासून कडक केली. महाराष्ट्रात बिअरला वयाची २१ वर्षं पूर्ण लागतात, कडक दारूला २५. आधी आम्ही अंदाजाने सोडायचो. नंतर प्रत्येकाचं ओळखपत्र बघायला लागलो, तेव्हा शिव्या खाल्ल्या. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरात भरधाव मोटारीच्या धडकेत दोन तरुण अभियंते गेले. गाडी अल्पवयीन मुलगा चालवत होता आणि त्याआधी तो पबमध्ये बसला होता, असं पोलिसांनी सांगितलं. त्यानंतर सगळ्या शहरात तपासण्या सुरू झाल्या. आमच्याकडे दाखवायला कागद होते, पण त्या दिवशी समाधान वाटलं नाही. काउंटरच्या अलीकडे उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या पोटात त्या आठवड्यात गोळा आला होता.

घरी खरं कसं सांगितलं ते राहिलंच. एका गणपतीत मी स्वतःच बोललो. आरती झाल्यावर, सगळे झोपल्यावर, ओटीवर. आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "लोकांना मारत नाहीस ना?" मी म्हणालो, "नाही गं." तेव्हा तो माणूस अजून रोज आमच्याकडे येत होता आणि त्याच्या बायकोने माझ्यासमोर उभं राहायला एक वर्ष बाकी होतं.

दुसऱ्यांदा आई बोलली ती नाचणीवरून. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं आणि सगळीकडे नाचणी-ज्वारीची चर्चा होती. मला वाटलं, आपल्या डोंगराची नाचणी घालून बिअर करू. आई लहान मुलांसाठी नाचणीचं सत्त्व करायची : नाचणी भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, सावलीत वाळवायची, जात्यावर दळून वस्त्रगाळ करायची. माल्ट बनवायची जगभरची रीत तीच आहे. आईला ती शाळेत न जाता येत होती आणि मी ती इंग्रजी पुस्तकातून शिकलो होतो.

पहिला घाणा फसला. नाचणीला सातूसारखं टरफल नसतं, दाणा बारीक. भरड खाली बसली आणि रस गळायचा बंद झाला. दुपारी चारपासून आम्ही लाकडी वल्ह्याने तळ खरवडत होतो. हात भाजले. दुसऱ्या वेळी नाचणी आधी वेगळी शिजवून घेतली आणि महाडच्या भातगिरणीतून पोतंभर तूस एसटीने मागवलं. तूस धुऊन, उकळून मिसळलं आणि रस झऱ्यासारखा गळायला लागला. बिअर तांबूस झाली, भाजक्या भाकरीच्या पापुद्र्याची चव आली. लोकांनी ती डोक्यावर घेतली. दोन आठवड्यांत संपली.

मग मी एका रात्री हिशेब केला. ५०० लिटरमध्ये २० किलो नाचणी. म्हणजे ३३० मिलिलिटरच्या ग्लासात जेमतेम १३ ग्रॅम. त्या वर्षी नाचणीचा सरकारी हमीभाव क्विंटलला ३,८४६ रुपये होता. ग्लासातली नाचणी पन्नास पैशांची, आणि ग्लास साडेतीनशे रुपयांना. उरलेल्या पैशांत भाडं, कर, पगार, वीज, परदेशी हॉप्स हे सगळं येतं, ते मला माहीत होतं. तरी तो आकडा गिळवेना. पुढचे घाणे आमच्या वाडीतल्या बायकांकडून दुप्पट दराने नाचणी घेऊन केले. पण २० किलोने कुणाचा संसार सुधारत नाही. पाटीवर 'पोलादपूरची नाचणी' असं लिहिल्याने पोलादपूरला काही मिळत नाही, हे मान्य करायला हवं.

आईला एक बाटली दाखवली. तिने ती हातात घेतली, उजेडात धरली आणि परत दिली. "ज्या नाचणीवर तुम्हाला वाढवलं, तिचीच दारू केलीस रे?" तिच्या आवाजात राग नव्हता. मला उत्तर देता आलं नाही. आजही नीटसं येत नाही.

नाचणीच्या या घाण्यांआधी, मार्च २०२० मध्ये, करोनामुळे बार बंद झाले होते. आमची बिअर न गाळलेली, काही आठवड्यांत उतरणारी. उत्पादन शुल्क खात्याची रीतसर परवानगी घेऊन आम्ही दीड हजार लिटर सोडून दिली. एकेकाळी माझ्या चुकीने गेलेली ५०० लिटर मला जड गेली होती. या वेळी कुणाचीच चूक नव्हती आणि ते जास्त जड गेलं. आमच्या पोरांतली निम्मी महाड-पोलादपूरची. खोलीत आठ-आठ जण अडकले. मधल्या काळात ग्राउलर, म्हणजे मोठ्या बाटल्या, भरून घरी न्यायला बिअर विकायची मुभा मिळाली, ऑक्टोबरात बार उघडले, पण त्या पोरांतली बरीच परत आली नाहीत.

आणि मग जुलै २०२१. २२ तारखेला सावित्री आणि गांधारीचं पाणी महाडच्या बाजारपेठेत घुसलं. त्याच संध्याकाळी तळीयेला डोंगर खाली आला, ऐंशीहून जास्त माणसं गेली. माझी बहीण महाडात राहते. दोन दिवस फोन लागत नव्हता. लागला तेव्हा ती म्हणाली, "आम्ही माळ्यावर आहोत, खाली सगळं गेलं."

मी बारमध्ये कुणाला काही मागितलं नव्हतं. एका नेहमीच्या टेबलावरच्या मुलीने माझा चेहरा पाहून विचारलं. दोन दिवसांत बारच्या मागच्या खोलीत पिण्याच्या पाण्याचे खोके, चटया, ब्लीचिंग पावडर, औषधं यांचा ढीग लागला. वरंधा घाट धोक्याचा होता, म्हणून टेम्पो ताम्हिणी आणि माणगावमार्गे लांबच्या रस्त्याने नेले. ज्यांना मी पोकळ म्हणालो होतो ती गोंदणवाली, दाढीवाली पोरं गमबूट घालून महाडच्या दुकानांतला चिखल उपसत होती. चिखल गुडघाभर, त्याला रॉकेलचा आणि कुजक्या धान्याचा वास. त्यांना काम येत नव्हतं, फावडं कसं धरायचं इथपासून सांगावं लागलं. मी त्यांना माझी पहिल्या तीन महिन्यांची विद्या शिकवली : आधी पाणी मारू नका, आधी थर खरवडा, मागची बाजू बघा, मग धुवा. माझ्या बहिणीचं स्वयंपाकघर त्यांनी तीन दिवसांत उभं केलं. त्यातल्या एकाने जाताना तिला विचारलं, "ताई, पिण्याचं पाणी आता कुठून आणणार?" बारमध्ये बसून 'यात काय घातलंय, कुठून आणलंय' विचारणारा तोच मुलगा. पुढे त्यांनी तिच्या गल्लीत पाण्याच्या दोन टाक्या बसवून दिल्या. माणसाला कपड्यांवरून तोलायची माझी सवय तिथे मोडली.

परत आल्यापासून मला एकच प्रश्न विचारतात. महामार्ग रुंद झालाय, कशेडीचा बोगदा झालाय, आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला जाणारे पर्यटक आहेत, रायगड पाहून परतणारे आहेत. "तुझ्याकडे विद्या आहे, टाक ना इथे एखादा. मुंबई-पुण्याची गर्दी लोटेल." विचारणाऱ्यांत माझा चुलतभाऊही आहे, काकाचा मुलगा.

मी नाही म्हणतो. घाटातून गाडी चालवत जाणाऱ्या माणसाला मी बिअर देऊ शकणार नाही, हे पहिलं कारण. मे महिन्यात ज्या गावात टँकर येतो तिथे पाच लिटर पाण्याची एक लिटर बिअर करायला मन धजत नाही, हे दुसरं. आणि तिसरं, मला तिथे माप राखता येईल याची खात्री नाही. पुण्यात माझ्या मागे ऐकून घेणारे मालक होते. सीझनच्या दोन महिन्यांत वर्षाचं भाडं काढायचं असेल तर तिसऱ्या ग्लासानंतर पाणी पुढे ठेवणारा माणूस टिकत नाही. सध्या मी महाडच्या एका लहान उद्योगात कोकम आणि करवंदाची सरबतं करतो, आणि गॅस्केट स्वतः काढून धुतो.

परवा आई पडवीत नाचणी मापत होती. काकूच्या घरी द्यायची होती. आमच्याकडे अजून जुनी लाकडी पायली आहे. तिने ती भरली, वर आणखी दोन मुठी घातल्या, दाणे कडेने ओघळायला लागेपर्यंत. शिगोशीग. मला ते बघून टॅपखालचा ग्लास आठवला. नव्या पोराला मी पहिल्याच दिवशी शिकवायचो : ग्लास तिरका धर, मग सरळ कर, वर दोन बोटं फेस राहू दे. ग्राहकाला फेसाची ती शीग आवडते. पण बिअर खालच्या रेघेपर्यंतच, त्याच्या वर नाही.

"एवढी भरतेस?" मी विचारलं.

"देताना भरून द्यावं," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "धान्य आहे हे."

एवढंच बोलून तिने पायली काकूच्या पिशवीत रिकामी केली. खाली सांडलेले दाणे मी वेचून सुपात टाकले.